फिक्या दीर्घिकांचा फोटो: पुण्यातून निघण्यापासून शेवटच्या जेपेगपर्यंत

दरवर्षी पाडवा उलटला की माझ्याकडे तीन प्रकारच्या फाइली येतात. पहिलीत डांबरासारखं काळं आकाश आणि त्यात तीन पांढरे ठिपके. दुसरीत मधे हिरवट उजेड, कोपऱ्यांत अंधार आणि धुळीच्या कणांच्या बांगड्या. तिसरी सगळी तिरक्या ओरखड्यांनी भरलेली, ओल्या भिंतीवर खराटा फिरवल्यासारखी. सोबतचा प्रश्न ठरलेला: "प्रोसेसिंगमध्ये हे कसं घालवू?" पहिली फाइल प्रोसेसिंगमध्ये बिघडलेली असते हे खरं. बाकीच्या दोन शेतात, ट्रायपॉडपाशीच बिघडलेल्या असतात आणि लॅपटॉपवर त्या पुरत्या सुधारत नाहीत.

खाली उदाहरण एकच घेतलं आहे: सिंह राशीतलं त्रिकूट, म्हणजे एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८. सुमारे साडेतीन कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या या तीन दीर्घिका आकाशात सव्वा-दीड अंशाच्या चौकटीत आरामात मावतात. एनजीसी ३६२८ ला पूर्वेकडे एक लांब, फार फिकी शेपूट आहे. ती पहिल्या खेपेला येत नाही. पण कुठे कमी पडलो हे तिच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

सामान असं धरतो: साधा डीएसएलआर (सेन्सरवरचा फिल्टर न काढलेला चालतो, कारण दीर्घिकांचा बहुतेक उजेड ताऱ्यांचाच असतो), ४०० मिमीच्या आसपासची छोटी अपवर्ती दुर्बीण, विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या वेगाने दुर्बीण फिरवणारी बैठक) आणि गायडिंगचा, म्हणजे एक तारा धरून त्या फिरण्यातल्या चुका सुधारणारा, छोटा कॅमेरा. २०० मिमी लेन्स आणि ट्रॅकर असेल तर गायडिंग वगळा आणि एक्स्पोजर ३० ते ६० सेकंदांवर आणा. बाकी क्रम तोच.

आधी एक हिशोब

याद्यांमध्ये दीर्घिकेचा जो आकार छापतात, तो बहुधा दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) २५ प्रत इतक्या फिक्या कडेपर्यंत मोजलेला असतो. प्रत हे उजेडाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. पुण्याच्या मध्यवस्तीतलं आकाश १८ प्रतीच्या आसपास धरा, डोंगरापलीकडच्या चांगल्या रात्रीचं २१. एका प्रतीचा फरक म्हणजे उजेडात अडीच पट. म्हणजे चांगल्या जागीही दीर्घिकेची कड आकाशाच्या उजेडाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी असते. शहरात ती सहाशेव्या हिश्श्याच्या खाली जाते. आपल्याला हवा आहे तो उजेड आकाशावरच्या सायीएवढा पातळ थर आहे. पुढची प्रत्येक पायरी हा थर जपण्यासाठी आहे आणि प्रत्येक चूक तो ओरबाडते.

दुसरं गणित वेळेचं. गोंगाटाच्या तुलनेत उजेड दुप्पट हवा असेल तर एकूण वेळ चौपट लागतो. १ तासाचे ४ करा, मग ४ चे १६. आकाश तीन प्रतींनी काळं असेल तर फिक्या भागासाठी १ तास शहरातल्या साधारण १६ तासांचं काम करतो. फिल्टरवर पैसे घालवण्याआधी हे आठवा. ड्युअल नॅरोबँड फिल्टर (दोन अरुंद रंगपट्टेच आत सोडणारे) तेजोमेघांसाठी उत्तम आहेत, पण दीर्घिकेचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने ते आकाशाबरोबर दीर्घिकाही गाळून टाकतात. शहरातले नवे एलईडी दिवेही सर्व रंगांत उजळतात, त्यामुळे साधे प्रकाशप्रदूषण-फिल्टरही फारसे पुरे पडत नाहीत. डिझेल टाका, तो फिल्टर जास्त चांगला.

१. लक्ष्य आणि तिथी

पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एखादी वस्तू इथून जास्तीत जास्त किती वर येईल हे काढायला तिच्या क्रांतीतून (आकाशातल्या विषुववृत्तापासूनच्या अंशांतल्या अंतरातून) १८.५ वजा करा, चिन्ह सोडा आणि उरलेला आकडा ९० मधून वजा करा. युरोप-अमेरिकेतल्या याद्यांत पहिल्या असलेल्या एम ८१ आणि एम ८२ ची क्रांती +६९, म्हणजे पुण्यात त्या ४० अंशांपर्यंतही पोचत नाहीत. सुरुवात त्यांच्यापासून करणं ही इथली नेहमीची चूक. उलट एनजीसी २५३ आणि एम ८३ तिकडे क्षितिजावर घासत जातात, आपल्याकडे ४० अंशांच्या वर येतात. सिंहेचं त्रिकूट +१३ वर आहे, त्यामुळे ते डोक्यापासून जेमतेम साडेपाच अंशांवरून जातं. ४० अंशांच्या वर ते जवळजवळ सात तास असतं.

शोधायला सोपं आहे. सिंहेच्या मागच्या भागात पूर्वा फाल्गुनीचे दोन तारे आहेत. त्यातल्या दक्षिणेकडच्या ताऱ्यापासून आग्नेयेला अडीच-तीन अंश उतरा.

तिथीचं उत्तर याच नावात आहे. फाल्गुनी पौर्णिमेला चंद्र याच ताऱ्यांपाशी असतो, म्हणून तर महिन्याला ते नाव. होळीची रात्र या दीर्घिकांसाठी सर्वांत वाईट, आणि तिच्या आगेमागे पंधरा दिवसांवरच्या दोन अमावास्या सर्वांत चांगल्या: एक महाशिवरात्रीला लागून येणारी, दुसरी पाडव्याच्या आदल्या दिवसाची. शिवरात्रीच्या सुमारास त्रिकूट साडेबारा ते सव्वादोनच्या दरम्यान माथ्यावर येतं, पाडव्याच्या सुमारास साडेदहा ते बाराच्या दरम्यान. अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार दिवस धरून जो शनिवार सापडेल तो घ्या.

(देवयानी दीर्घिकेसाठी आश्विन अमावास्या नेमकी पडते, पण ती लक्ष्मीपूजनाची रात्र. तेव्हा घरी थांबा, फराळ करा आणि कार्तिक अमावास्येला निघा.)

सावध: एका रात्री एकच लक्ष्य. चार दीर्घिकांना तासतासभर देऊन चारही अर्धवट आणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मीही त्यात तीन वर्षं होतो.

२. जागा

अंधार किती हे सगळे विचारतात. शहराची प्रभा कोणत्या दिशेला पडते, हे फार कमी जण विचारतात. ताम्हिणी-मुळशीकडून पुणे पूर्वेला येतं, म्हणजे सिंह पुण्याच्या उजेडातूनच उगवते आणि ती ४०-४५ अंश वर येईपर्यंतच्या फ्रेम जवळपास वाया जातात. वेल्ह्याकडून प्रभा ईशान्येला, भोरकडून उत्तरेला, सासवड-पुरंदरकडून वायव्येला आणि जुन्नरकडून दक्षिणेला. दक्षिणेतल्या एनजीसी २५३ किंवा एम ८३ साठी वेल्हे किंवा भोर घ्या, जुन्नर नको. त्रिकूट माथ्यावरून जात असल्याने कुठूनही चालतं, पण पूर्व बाजू काळी असेल तर दीड-दोन तास फुकट मिळतात.

हवेचाही विचार करा. धरणाच्या काठावर दव आणि पहाटेचं धुकं. काठापासून थोडं उंच पठार बरं. मार्चनंतर वणवे, एप्रिल-मेमध्ये मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात त्याचा धूर. उसाच्या पट्ट्यात पाचट पेटवतात. दिवसा दूरचा डोंगर निळसर-धुरकट दिसत असेल तर रात्री फिकं काही येणार नाही.

दिवसाउजेडी जाऊन जमीनमालकाला विचारा, गावच्या पोलीस पाटलाच्या कानावर घाला. रात्री दोनला लाल उजेडात नळकांडं लावून बसलेली माणसं बघून गावकरी जमले तर त्यात त्यांची चूक नाही. त्या रात्री गावची जत्रा किंवा शेजारच्या फार्महाउसवर लग्न आहे का, हेही तेव्हाच कळतं. गवतात पाय टाकताना बूट हवेतच, घोणस आणि फुरसं दोन्ही या भागातली.

३. घरची तयारी

ही पायरी टाळली की रात्रीचे दोन तास जातात. बैठकीच्या खोलीत सगळं जोडा, चालू करा, मग सोडवा.

माउंट १८.५ अंशांवर आणा आणि वजनाचा दांडा पूर्ण फिरवून बघा. आपल्या कमी अक्षांशावर तो किंवा वजन ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला आदळू शकतं. परदेशी व्हिडिओंत हे दिसत नाही, कारण तिथे माउंट ४५-५० अंशांवर असतं. काही ट्रायपॉडवर दिशेची खुंटी काढून विरुद्ध बाजूला लावता येते, मग उत्तरेला पाय येत नाही. दुर्बीण माथ्याकडे वळवून कॅमेऱ्याचा पृष्ठभाग पायावर घासतो का तेही आत्ताच पाहा, कारण आपलं लक्ष्य नेमकं तिथूनच जाणार आहे.

वीज: माउंट, दव-पट्टी (काच कोमट ठेवून दव टाळणारी), गायडिंग आणि कॅमेरा मिळून १२ व्होल्टवर ३ अँपिअर धरा. सात तासांना २१ अँपिअर-तास होतात. ३० ची बॅटरी घ्या. लॅपटॉपची सोय वेगळी.

कॅमेऱ्यात: रॉ फॉरमॅट, ऑटोफोकस बंद, स्थिरीकरण बंद, आणि 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद. हे शेवटचं चालू राहिलं तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तितकाच वेळ झाकली फ्रेम घेत बसतो आणि अर्धी रात्र तिथेच जाते.

टॉर्चला पतंगाचा लाल कागद दोन पदरी लावा.

तपासा: मोकळं कार्ड, लेन्सचं झाकण (डार्क म्हणजे झाकल्या फ्रेमसाठी लागतं), बाटिनोव्ह मास्क (फोकस जुळवायची खाचांची जाळी), फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फ्रेमसाठी पांढरं सुती कापड, दव-पट्टी, चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या.

४. मांडणी आणि ध्रुवसाधन

सूर्यास्ताआधी पोचा. ट्रायपॉड कडक जमिनीवर, पाय फार न लांबवता. नांगरलेल्या मऊ शेतात रात्रीतून एक पाय खचतो आणि मग गायडिंगला दोष दिला जातो.

ध्रुवसाधन म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं. ध्रुवतारा इथे फक्त साडेअठरा अंशांवर. सह्याद्रीच्या कुशीत तो बऱ्याचदा धारेमागे किंवा धुरळ्यात असतो. जागा निवडताना उत्तर मोकळी आहे का ते पाहा. नसेल तर नीनासारख्या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पद्धत वापरा. ती आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या भागावर चालते, ध्रुव दिसावा लागत नाही. दिसत असेल तर ध्रुवतारा थेट मध्यावर आणू नका: खरा ध्रुव त्याच्यापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे. ध्रुवदर्शकातल्या वर्तुळावर, त्या वेळेच्या जागी तो बसवायचा.

ध्रुवसाधन ढिलं असलं की गायडिंग मधला तारा धरून ठेवतं, पण चौकट त्याच्याभोवती हळूहळू फिरते. मधले तारे गोल आणि कोपऱ्यातले कमानदार दिसले तर हाच दोष समजा.

तपासा: पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन आकाशातल्या विषुववृत्ताजवळ, याम्योत्तर वृत्ताच्या (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) आसपास करा. माथ्याजवळ किंवा ध्रुवाजवळ केलेलं दगा देतं.

५. फोकस

तेजस्वी तारा (मघा किंवा स्वाती), बाटिनोव्ह मास्क, लाइव्ह व्ह्यू दहापट. मधली रेघ बरोबर मध्ये आली की फोकस घट्ट करा आणि मास्क काढा. हसू नका, मास्कसकट तासभर फ्रेम घेतलेले निदान चार जण मला माहीत आहेत.

पारा उतरला की नळी आकसते. दर दीड तासाने पुन्हा बघा.

६. चौकट आणि एक्स्पोजर

चौकटीत तीन दीर्घिका मध्यावर आणू नका. शेपूट एनजीसी ३६२८ पासून पूर्वेला जाते आणि जवळजवळ पूर्णचंद्राच्या व्यासाएवढी लांब आहे. ४०० मिमीवर एपीएस-सी सेन्सरची चौकट साधारण ३.२ × २.१ अंशांची होते. त्रिकूट थोडं पश्चिमेला सरकवा आणि लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. कॅमेऱ्याचा हा कोन वहीत लिहा, पुढच्या अमावास्येला लागेल.

आयएसओ ८०० किंवा १६००. आयएसओ वाढवून जास्त उजेड जमा होत नाही, फक्त ताऱ्यांचे रंग जळतात. एफ/५ ला १२० सेकंदांपासून सुरुवात करा आणि कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) बघा. उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटून पाव ते एक-तृतीयांशावर आला की पुरे. भिंतीला चिकटला तर वेळ वाढवा, अर्ध्यापलीकडे गेला तर कमी करा.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दीर्घिका लहानसा डाग दिसेल किंवा दिसणारही नाही. इथे लोक घाबरून पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम घेऊ लागतात. गरज नाही. १२० सेकंदांच्या १२० फ्रेम म्हणजे ४ तास, आणि एखादी वाऱ्याने बिघडली तर जातात फक्त दोन मिनिटं.

७. रात्रभर

डिदरिंग चालू करा, म्हणजे दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण थोडीशी, वेगवेगळ्या दिशेला सरकली पाहिजे. सुरुवातीला सांगितलेले तिरके ओरखडे हे डिदरिंग नसल्याने येतात: सेन्सरचे सदोष पिक्सेल रात्रभर एकाच दिशेला सावकाश घसरतात आणि स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकावर एक रचून केलेल्या चित्रात) त्यांची रेघ होते. एकदा आलेली ही रेघ कुठल्याच सॉफ्टवेअरने स्वच्छ जात नाही. गायडिंग नसेल तर दर पंधरा मिनिटांनी हातानेच थोडं सरकवा.

दव-पट्टी पहिल्यापासून चालू हवी, काच ओली झाल्यावर नव्हे. पानशेतकडे एका रात्री मी अडीच ते पाच अशा ७५ फ्रेम घेतल्या. गायडिंगचा आलेख सुरेख होता, कारण गायडिंगच्या दुर्बिणीला पट्टी होती. मुख्य काच पाझरत होती. ७५ पैकी सात ठेवता आल्या.

त्रिकूट माथा ओलांडताना माउंटला बाजू बदलावी लागते. आपोआप होणार असेल तरी तेव्हा शेजारी उभे राहा, केबल कुठे अडकते ते बघा. बाजू बदलल्यावर फोकस आणि चौकट दोन्ही पुन्हा तपासा. चित्र उलटं दिसेल, त्याची काळजी नको, स्टॅकिंग ते सांभाळतं.

८. फ्लॅट, डार्क, बायस

या पायरीला लोक सर्वांत जास्त फाटा देतात, आणि फिक्या दीर्घिकांना सर्वांत जास्त गरज हिचीच आहे. कोपऱ्यातला अंधार किंवा धुळीची बांगडी आकाशाच्या उजेडात पाच-दहा टक्क्यांचा फरक पाडते. आपला पातळ थर अडीच टक्क्यांचा. तो त्या डागात बुडतो.

*फ्लॅट.* पहाट फुटताना, सूर्य उगवायच्या आधी, दुर्बिणीच्या तोंडावर सुती कापड दोन पदरी ताणून बांधा, सुरकुती नको. दुर्बीण माथ्याकडे. आयएसओ तोच, फोकस तोच, कॅमेऱ्याचा कोन तोच. हिस्टोग्राम मध्याच्या जरा अलीकडे. २५-३० फ्रेम. टॅबलेटच्या पांढऱ्या पडद्यावरही होतं, पण एक्स्पोजर फार छोटं असेल तर पडद्याच्या लुकलुकीचे पट्टे येतात. कापड वाढवा आणि वेळ लांबवा.

सावध: कॅमेरा काढून, घरी येऊन, चहा पिऊन पुन्हा जोडला आणि मग फ्लॅट घेतले, तर ते दुसऱ्याच दुर्बिणीचे फ्लॅट झाले. धूळ जागची हलते, कोन बदलतो.

*बायस.* सेन्सरची मुळातलीच पातळी टिपणाऱ्या फ्रेम. झाकण लावून, सर्वांत वेगवान शटर, तोच आयएसओ, ५० फ्रेम. मिनिटभराचं काम. हे नसेल तर फ्लॅटचा भागाकार चुकतो आणि कोपरे काळ्याऐवजी उजळ येतात. मग लोक फ्लॅटलाच नावं ठेवतात.

*डार्क.* झाकण लावून, लाइट म्हणजे आकाशाच्या फ्रेमइतकाच वेळ आणि आयएसओ, २०-२५ फ्रेम. शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याचं तापमान हवेबरोबर बदलतं, त्यामुळे हे तिथेच, सामान आवरताना घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ३४ अंशांत घेतलेले डार्क उपकारापेक्षा अपाय करतात. व्ह्यूफाइंडरही झाका, तिथून उजेड शिरतो. माझं मत विचाराल तर: नवा कॅमेरा आणि नीट डिदरिंग असेल तर डार्क सोडले तरी चालतात. फ्लॅट कधीच सोडू नका.

९. निवड आणि स्टॅकिंग

सिरिल हे सॉफ्टवेअर घ्या, ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. झोप काढून बसा.

आधी सगळ्या लाइट फ्रेम एकापाठोपाठ डोळ्यांखालून घाला. लांबट तारे, ढग, दव या फ्रेम बाहेर. उपग्रहाची किंवा विमानाची रेघ असलेली फ्रेम मात्र ठेवा. पंचवीस-तीस फ्रेमच्या वर असतील तर सिग्मा क्लिपिंग ती रेघ आपोआप वगळतं.

मुख्य फोल्डरमध्ये बायसेस, डार्क्स, फ्लॅट्स, लाइट्स असे चार फोल्डर करा. नावं इंग्रजी लहान अक्षरांत आणि अनेकवचनी. फोल्डरच्या मार्गात मराठी अक्षरं किंवा मोकळ्या जागा नकोत. सिरिलमधलं घराचं बटण दाबून हाच मुख्य फोल्डर निवडा आणि रंगीत कॅमेऱ्यासाठीची तयार स्क्रिप्ट चालवा. स्क्रिप्ट अडली तर दहापैकी नऊ वेळा घराचं बटण चुकलेलं असतं, नाहीतर डिस्क भरलेली असते: २४ मेगापिक्सेलच्या १२० फ्रेमना मधल्या फाइलींसाठी शंभरेक जीबी मोकळे ठेवा.

तपासा: निकालाची फाइल 'ऑटोस्ट्रेच' दृश्यात उघडा (स्ट्रेच म्हणजे दबलेला फिका उजेड ताणून दिसेल असा करणं). धुळीच्या बांगड्या दिसतात? फ्लॅट लागलेले नाहीत. कोपरे उजळ? बायस पाहा. पुढे जाऊ नका, इथेच दुरुस्त करा.

१०. स्ट्रेचच्या आधीची कामं, याच क्रमाने

ऑटोस्ट्रेच फक्त दाखवतं, फाइल बदलत नाही. त्या दृश्यात खूश होऊन सेव्ह केलं की दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काळं उघडतं आणि "माझा डेटा गेला" असा फोन येतो. डेटा कुठेही गेलेला नसतो.

क) कडा कापा. डिदरिंगमुळे कडेला अर्धवट भरलेली पट्टी येते. ती राहिली तर पुढची पायरी तिलाच आकाश समजते.

ख) पार्श्वभूमीचा उतार, म्हणजे आकाशाच्या एका बाजूला जास्त पडलेला उजेड, काढा. सिरिलमध्ये नमुन्याचे बिंदू आपोआप पडतात, ते एकेक बघा. दीर्घिकेवर, तिच्या आसपास आणि त्रिकुटाच्या पूर्वेला शेपटीच्या जागी असलेले सगळे बिंदू काढून टाका. बिंदू जिथे पडतो तिथला उजेड 'नको असलेला' ठरतो. चार तास जागून आणलेली शेपूट इथे एका क्लिकमध्ये पुसली जाते. आधी पहिल्या घाताचा साधा उतार वापरून पाहा. अंधाऱ्या जागी तेवढा पुरतो. उतार काढणारं ग्रॅक्सपर्ट हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याने काय वजा केलं ते चित्रही उघडून बघा. त्यात दीर्घिकेच्या आकाराचा फुगवटा दिसला तर मागे फिरा.

ग) रंग जुळवा. आधी प्लेट सॉल्व्ह (ताऱ्यांवरून चित्राची आकाशातली जागा ओळखणं), मग ताऱ्यांच्या नोंदींवरून रंग बसवणारं कॅलिब्रेशन. उतार काढण्याआधी हे केलं तर पुण्याच्या दिव्यांचा रंगही हिशोबात येतो.

घ) हिरवा गोंगाट काढा. एका क्लिकचं काम.

११. स्ट्रेच

पहिल्या प्रकारच्या फाइली इथे जन्मतात. हिस्टोग्रामचा काळा बिंदू उजवीकडे ओढला की आकाश झटकन काळं होतं, डोळ्यांना बरं वाटतं. त्याच वेळी आकाशाला टेकून बसलेला पातळ थर कायमचा शून्यात जातो.

स्ट्रेच एकदम नको, चार-पाच छोट्या टप्प्यांत करा. प्रत्येक टप्प्यानंतर हिस्टोग्रामचा डावा पाय भिंतीपासून थोडा सुटा आहे ना ते बघा. सिरिलमधलं जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच शिकायला एक संध्याकाळ जाते, पण त्यात फिक्या भागाला वर उचलून केंद्र न जाळता येतं. एम ६६ चं केंद्र पांढरं सपाट झालं की हात थांबवा. आकाश शेवटी २५५ पैकी २० ते ३० वर, राखाडी-काळं राहायला हवं.

तारे फुगत असतील तर स्टारनेटने ते वेगळे करा, दीर्घिकांचं चित्र जास्त ताणा, तारे कमी ताणा आणि परत एकत्र करा.

तपासा: चित्र निगेटिव्ह करा, म्हणजे पांढरं आकाश आणि काळ्या दीर्घिका. डोळ्याला फिकं काळं फिक्या पांढऱ्यापेक्षा लवकर कळतं. एनजीसी ३६२८ च्या पूर्वेला पुसट फराटा दिसतो का? चित्र पाव आकाराचं करून पुन्हा बघा. दिसत नसेल तर स्ट्रेच वाढवून उपयोग नाही, वेळ कमी पडला आहे. आणि दिसत असेल तर तो खरा आहे का हे पाहायला फ्रेमचे दोन ढीग करून वेगवेगळे स्टॅक करा. दोन्हींत त्याच जागी हवा.

१२. रंग, गोंगाट, सेव्ह

इथे हात आखडता घ्या. रंगाची तीव्रता थोडी वाढवा: केंद्राकडे पिवळट, बाहूंमध्ये निळसर. जांभळं काही दिसू लागलं तर जास्त झालं. नॉइज रिडक्शन शंभर टक्के झूमवर बघून अर्ध्या जोरावर करा. आकाश प्लास्टिकसारखं गुळगुळीत झालं की फिके बाहूही त्यातच विरघळले समजा. धार फक्त दीर्घिकांच्या उजळ भागाला लावा, एनजीसी ३६२८ चा मधला धुळीचा पट्टा त्याने छान उठतो.

मूळ काम १६ बिट टिफमध्ये ठेवा, जेपेग फक्त पाठवण्यापुरतं. ते आधी मोबाइलवर आणि एखाद्या स्वस्त मॉनिटरवर बघा. तुमचा लॅपटॉप फार उजळ लावलेला असेल तर इतरांना सगळं काळंच दिसेल.

रॉ फाइली पुसू नका. शिवरात्रीचे चार तास आणि पाडव्याचे चार तास एकत्र स्टॅक होतात, फक्त वहीतल्या कोनावर कॅमेरा पुन्हा बसवा आणि प्रत्येक रात्रीच्या फ्रेमना त्या रात्रीचेच फ्लॅट लावून, मगच दोन्ही ढीग एकत्र करा.